‘रिकव्हर’ची कसोटी: ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश बडोद्याच्या वर्गात

शब्दकोशाच्या वेष्टनावर शब्दसंख्येचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, पण कोश विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. जो शब्द विद्यार्थ्याला येतो असे वाटते आणि तरीही ज्याच्या वापरात तो हमखास अडखळतो, त्या शब्दापाशी कोश काय मदत करतो हे पाहावे. ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या इंग्रजी–इंग्रजी कोशाच्या 2020 साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीचे हे परीक्षण मी याच पद्धतीने केले आहे, आणि कसोटीसाठी निवडले आहे ते ‘रिकव्हर’ हे क्रियापद व त्याच्याबरोबर येणारी भावंडे: रिगेन, रिट्रीव्ह, रिकूप, रिक्लेम.

हेच क्रियापद निवडण्याचे कारण बडोद्यातील मराठी घरांना सहज पटेल. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातले मूल घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरते, आणि बारावीनंतर त्याच्या हाती आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, पुस्तके येतात. त्या परीक्षेच्या ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नाला किमान 150 शब्दांचे पत्र लिहावे लागते. सरावाच्या पत्रांत हरवलेल्या वस्तूचे पत्र ठरलेलेच असते: बसमध्ये बॅग राहिली, हॉटेलच्या खोलीत घड्याळ राहिले, ते परत मिळण्यासाठी काय करावे, वगैरे. विषय सोपा असल्यामुळे विद्यार्थी बेसावध राहतो आणि गुण नेमके तिथेच जातात.

याचे मूळ आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘रिकव्हर’ हा शब्द आता मराठीतच राहायला आला आहे. ‘आजोबा रिकव्हर झाले’, ‘अडकलेले पैसे रिकव्हर झाले’, ‘डिलीट झालेले फोटो रिकव्हर झाले’ ही तिन्ही वाक्ये आपण एकाच सुरात बोलतो, कारण आपल्या ‘होणे’ला त्यात काहीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र पहिले वाक्य एका जातीचे आणि उरलेली दोन दुसऱ्या जातीची आहेत. आजारी माणूस स्वतःच ‘रिकव्हर’ करतो, म्हणून ‘माय ग्रँडफादर हॅज रिकव्हर्ड’ हे बरोबर. पैसे आणि फोटो स्वतःहून काही करीत नाहीत, त्यांना कोणीतरी परत मिळवावे लागते, म्हणून ‘द मनी वॉज रिकव्हर्ड’ असे लिहावे लागते. ‘झाले’ या शब्दाची सावली मनात असल्यामुळे विद्यार्थी ‘माय फोटोज रिकव्हर्ड’ असे लिहितो, आणि आजोबांच्या बाबतीत नेमके उलटे करून ‘ही गॉट रिकव्हर्ड’ असे लिहितो. ही दोन्ही वाक्ये एकाच मुलाच्या वहीत, एकाच पानावर सापडतात.

इंग्रजी–मराठी कोश उघडला तर या अडचणीवर उतारा मिळत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या खिशातल्या कोशांत ‘परत मिळवणे, बरे होणे, वसूल करणे’ असे तीन अर्थ स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. यातला एकही अर्थ चुकीचा नाही, पण कोणता अर्थ कोणत्या वाक्यरचनेत बसतो याचा शोध वाचकानेच घ्यायचा असतो. द्वैभाषिक कोश निरुपयोगी असतात असे मी म्हणत नाही, आणि बडोद्यात बसून तर ते म्हणणे शोभणारही नाही. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा बहुभाषिक कोश तयार होऊन 1931 साली प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना देशी भाषांत एकेक ठरलेला पर्याय असावा, ही त्यामागची दृष्टी होती. महसूलखात्याच्या कागदावर ‘रिकव्हरी’ म्हणजे ‘वसुली’ असे एकदा ठरले की काम भागते, कारण तिथे नाम आहे, संदर्भ एकच आहे आणि वाचणारा त्याच कचेरीतला आहे. पत्र लिहिणाऱ्या मुलापुढे मात्र क्रियापद असते, आणि त्या क्रियापदाच्या आगेमागे काय येते हे त्याला हवे असते.

ऑक्सफर्डचा हा कोश नेमके तेच देतो. ‘रिकव्हर’ची नोंद उघडल्यावर प्रथम डोळ्यांत भरतात त्या अर्थांच्या आधी दिलेल्या छोट्या पाट्या: आजारातून, अप्रिय अनुभवातून, पैसा, हरवलेले किंवा चोरीला गेलेले, स्थान वा दर्जा, शुद्ध व भावना. सहा अर्थ आणि सहा पाट्या असल्यामुळे वाचकाला संपूर्ण नोंद वाचत बसावे लागत नाही. तो आपली पाटी शोधतो आणि थेट तिथे उतरतो. पहिल्या दोन अर्थांना ‘अकर्मक’ असे लिहिलेले आहे आणि पुढे ‘फ्रॉम’ जोडून दाखवले आहे. पैसा, वस्तू आणि स्थान यांच्या अर्थांना ‘सकर्मक’ म्हटले आहे आणि कर्माची जागा ‘समथिंग’ या शब्दाने दाखवली आहे. वर ज्या दोन चुका सांगितल्या, त्या या एवढ्या दोन शब्दांच्या खुणेने टळू शकतात. विद्यार्थ्याला त्या खुणेकडे पाहण्याची सवय लावणे हे मात्र शिक्षकाचे काम आहे. कोश आपण होऊन बोट धरीत नाही.

पैशाच्या अर्थापुढे ‘रिकूप’ आणि स्थानाच्या व शुद्धीच्या अर्थांपुढे ‘रिगेन’ असे समानार्थी शब्द दिलेले आहेत. वरकरणी ही किरकोळ सोय वाटते, पण माझ्या मते संपूर्ण नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. ‘रिकव्हर’ला ‘रिगेन’ हा सर्वत्र चालणारा पर्याय नसून काही ठरावीक अर्थांपुरताच पर्याय आहे, हे त्यामुळे न सांगता कळते. हरवलेल्या पाकिटाच्या अर्थापुढे ‘रिगेन’ दिलेले नाही, आणि ते तिथे नसणे ही सुद्धा माहितीच आहे.

या कोशाला क्रियापदाच्या वागणुकीची एवढी काळजी का, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक 1924 साली शिकवण्यासाठी जपानला गेले, आणि त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 साली टोकियोत प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तोच 1948 मध्ये नव्या नावाने काढला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांना अर्थ कळूनही वाक्य जुळवता येत नाही, हे वर्गात रोज पाहिलेल्या माणसाचा तो कोश होता, म्हणून त्याने इंग्रजी क्रियापदांचे 25 साचे ठरवून प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात बसते ते नोंदवले. 1974 ची तिसरी आवृत्ती ईएलबीएस या ब्रिटिश योजनेच्या स्वस्त छपाईत आपल्याकडे घरोघर पोहोचली होती. जुन्या शिक्षकांच्या कपाटात ती अजून सापडते आणि तिच्यात त्या साच्यांच्या ‘व्हीपी 6 ए’ (व्हीपी म्हणजे ‘व्हर्ब पॅटर्न’) अशा खुणा दिसतात. त्या खुणांचा अर्थ समजण्यासाठी प्रस्तावना वाचावी लागे, आणि प्रस्तावना वाचणारा विद्यार्थी मला तरी क्वचितच भेटला आहे. आताच्या आवृत्तीत आकडे गेले आणि त्यांच्या जागी ‘रिकव्हर समथिंग फ्रॉम समबडी’ असे सरळ शब्द आले. हॉर्नबींचा विचार तोच राहिला, फक्त तो वाचायला आता किल्ली लागत नाही.

भावंडांची परीक्षा घेण्यासाठी मी विद्यार्थ्यांच्या पूरविषयक निबंधांचा उपयोग केला. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले, आणि त्यानंतर कितीतरी मुलांनी त्यावर इंग्रजीत लिहिले. पुराच्या वर्णनात ‘परत मिळवणे’ पावलोपावली येते, त्यामुळे या क्रियापदांसाठी याहून चांगला उतारा मिळणे कठीण. एका निबंधातले वाक्य होते: ‘वुई रिगेन्ड अवर स्कूटर फ्रॉम द वॉटर’. वाक्याचा आशय लख्ख कळतो आणि तरीही इंग्रजी कानाला ते विचित्र लागते, कारण ‘रिगेन’ला कर्म म्हणून डोळ्यांना दिसणारी वस्तू सहसा चालत नाही. त्याला तोल, ताबा, शक्ती, आत्मविश्वास, शुद्ध अशी कर्मे लागतात. शत्रूने घेतलेला मुलूख किंवा निवडणुकीत गेलेली जागाही चालते, पण स्कूटर नाही. स्कूटरसाठी ‘रिकव्हर’ योग्य. माळ्यावर नेऊन ठेवलेली कागदपत्रे पाणी ओसरल्यावर खाली आणली, तर ‘रिट्रीव्ह’. दुकानातल्या भिजलेल्या मालातून जेवढा वाचला तेवढा बाजूला काढला, तर ‘सॅल्व्हेज’. दुकानदाराने दिवाळीच्या हंगामात नुकसान भरून काढले, तर ‘रिकूप’. आणि शहर पुरातून सावरले, तर पुन्हा ‘रिकव्हर’, पण या वेळी कर्माशिवाय आणि ‘फ्रॉम द फ्लड’ जोडून.

‘रिट्रीव्ह’च्या नोंदीत कोशाने एक बारकावा फार चांगला पकडला आहे. वस्तू जिथे असायला नको अशा ठिकाणाहून ती काढून आणणे, असा त्याचा पहिला अर्थ दिलेला आहे आणि तो औपचारिक भाषेतला असल्याची खूण केली आहे. म्हणजे वस्तू हरवलेलीच असली पाहिजे असे नाही. ती कुठे आहे हे ठाऊक असते, फक्त जाऊन आणावी लागते. शिकारीत पडलेला पक्षी तोंडात धरून आणून देणाऱ्या कुत्र्याच्या जातीला ‘रिट्रीव्हर’ म्हणतात, हे मुलांना सांगितले की त्यांना वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही, कारण निदान ‘गोल्डन रिट्रीव्हर’ सर्वांनी पाहिलेला असतो. संगणकातली माहिती शोधून पडद्यावर आणणे हा दुसरा अर्थही त्याच वाटेने आलेला आहे. पत्रात याचा उपयोग असा होतो: बसमध्ये छत्री राहिली आणि ती डेपोत जमा आहे हे कळले, तर ती आणायला जाणे म्हणजे ‘रिट्रीव्ह’. ओळख पटवून हक्काने ताब्यात घेणे म्हणजे ‘रिक्लेम’. आणि हे सारे आईला फोनवर सांगताना या भारदस्त शब्दांना सुट्टी देऊन ‘आय गॉट इट बॅक’ म्हणावे. ‘गेट बॅक’ हेच रोजच्या इंग्रजीतले क्रियापद आहे आणि विद्यार्थी नेमके तेच वापरायला लाजतात. ‘बॅक’चा मोह इतका की तो ‘रिकव्हर’लाही चिकटवला जातो आणि ‘रिकव्हर बॅक’ असा जोडशब्द तयार होतो. त्यातला ‘बॅक’ ‘रिकव्हर’मध्ये आधीच आहे.

खरे म्हणजे मराठी मुलाला हा भेद नवा नसावा. आपण तरी सगळीकडे ‘परत मिळवणे’ कुठे म्हणतो? माणूस शुद्धीवर येतो, तोल सावरतो, नुकसान भरून काढतो, थकबाकी वसूल करतो, गहाण ठेवलेले दागिने सोडवतो, आणि चोरीचा माल पोलीस हस्तगत करतात. गेलेली गोष्ट कोणती, यावर क्रियापद ठरते, ही जाण आपल्या भाषेत पुरेपूर आहे. इंग्रजीकडे जाताना ती वाटेतच गळून पडते, कारण आपण मनातल्या मनात आधी सर्वांचे ‘परत मिळवणे’ करून घेतो आणि मग त्याचे इंग्रजी शोधतो. ‘दागिने सोडवणे’ हाच शब्द घेऊन शोध घेतला असता तर ‘रिडीम’ सापडले असते. गृहकर्ज आणि सोनेतारणाच्या कागदांवर तो शब्द रोज दिसतो.

आता उणिवांविषयी. पहिली उणीव वर्णानुक्रमाचीच आहे. ‘रिकूप’ आणि ‘रिकव्हर’ ही नावे सुदैवाने शेजारी येतात, पण ‘रिक्लेम’ त्यांच्या आधी, ‘रिगेन’ बऱ्याच पुढे आणि ‘रिट्रीव्ह’ त्याहून पुढे पडते, तर ‘सॅल्व्हेज’ थेट पुढच्या अक्षरात जाते. ज्याला ही सारी नावे आधीपासून ठाऊक आहेत त्यालाच ती शोधता येतात. दुसरे असे, की उदाहरणांचे जग ब्रिटिश आहे, आणि फुटबॉलपटूची दुखापत किंवा पौंडांतील खर्च वाचताना मुलाला भाषेबरोबर परदेशही समजून घ्यावा लागतो. थोडा परदेश समजला तर बिघडत नाही, परंतु उदाहरणातली परिस्थिती ओळखीची असती तर रचना लवकर लक्षात राहिली असती. तिसरी तक्रार अक्षरांची. छापील प्रतीतला टंक बारीक आहे, कागद पातळ आहे, आणि चष्मा लागलेल्या पालकांनी मुलाबरोबर बसून तो वाचावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

उच्चाराच्या खुणा मात्र सवडीने पाहाव्यात. ‘रिकव्हर’मध्ये पहिला ‘रि’ ऱ्हस्व आणि जोर दुसऱ्या अक्षरावर असतो. आपल्याकडे पुष्कळ जण ‘री’ लांबवून त्यावरच जोर देतात, आणि लांब ‘री’ म्हटला की इंग्रजी कानाला मध्ये छोटी रेघ असलेला वेगळाच शब्द ऐकू येतो, ज्याचा अर्थ सोफ्याला नवे कापड घालणे असा आहे. बोलण्याच्या परीक्षेत यावरून घोटाळा होईल असे नाही, कारण संदर्भ सांभाळून घेतो.

पर्यायांपैकी ‘कॉलिन्स कोबिल्ड’ हा कोश विचारात घेण्यासारखा आहे. जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेला हा कोश 1987 साली निघाला, आणि त्यातली व्याख्या हे एक संपूर्ण वाक्यच असते: तुम्ही अमुक झालात की तमुक होते, अशा थाटाचे. त्यामुळे कर्ता कोण आणि कर्म कोणते हे व्याख्येतूनच दिसते. व्याकरणाच्या संज्ञांना घाबरणाऱ्या मुलासाठी मी तोच सुचवीन. ‘लाँगमन’च्या 1978 च्या कोशाने सुमारे 2000 सोप्या शब्दांतच सर्व व्याख्या लिहिण्याचा नेम घालून घेतला, तो नेम पुढे इतरांनीही आपापल्या परीने उचलला, म्हणून त्या बाबतीत आता फारसा फरक उरलेला नाही.

लेखनासाठी मात्र खरी जोड हवी ती ‘ऑक्सफर्ड कॉलोकेशन्स डिक्शनरी’ची. तिची दुसरी आवृत्ती 2009 ची आहे. हा कोश उलट दिशेने चालतो. त्यात ‘कॉन्शसनेस’ हे नाम काढले तर त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे मिळतात: गमावणे म्हणजे ‘लूज’, आणि पुन्हा मिळवणे म्हणजे ‘रिगेन’ किंवा ‘रिकव्हर’. पत्र लिहिणाऱ्याला आपले काय गेले आहे हे पक्के ठाऊक असते, अडतो तो क्रियापदापाशी. म्हणून त्याने नामापासून निघावे हेच सयुक्तिक, आणि वर्णानुक्रमाची जी उणीव वर सांगितली तिच्यावरही हाच इलाज आहे. मोठ्या कोशाबरोबर हा दुसरा घ्यावा, आणि दोन्ही परवडत नसतील तर लेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने आधी हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचनाची आवड असलेल्या आणि परीक्षेची घाई नसलेल्या नववी-दहावीच्या मुलासाठी मात्र क्रम उलटा ठेवावा.

ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर ‘रिकव्हर’ची हीच नोंद विनामूल्य वाचता येते आणि उच्चारही ऐकता येतो, मग छापील प्रत कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. एकेक शब्द पाहायचा असेल तर संकेतस्थळच बरे. वर्गात तीस मुलांसमोर शिकवताना किंवा घरी फोन बाजूला ठेवून अभ्यास करताना छापील प्रत उपयोगी पडते, आणि ‘रिकूप’ शोधायला गेलेल्या मुलाची नजर शेजारच्या ‘रिकव्हर’वर पडते, हा लाभ पडद्यावर मिळत नाही. भाषांतर करून देणाऱ्या ॲपवर विसंबून मात्र या क्रियापदांच्या वाटेला जाऊ नये. ‘मला माझा आत्मविश्वास परत मिळाला’ या वाक्याचे ॲप बरोबर भाषांतर करीलही, पण ‘गॉट रिकव्हर्ड’ का चालत नाही हे ते सांगणार नाही.

नवी आवृत्तीच घेतली पाहिजे असे बंधन नाही. 2010 ची आठवी किंवा 2015 ची नववी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात चांगल्या स्थितीत मिळाली तर खुशाल घ्यावी, कारण या क्रियापदांची वागणूक पाच-दहा वर्षांत बदलत नाही. घेण्यापूर्वी ‘आर’ अक्षराची पाने उघडून पाहावीत. चोरून छापलेल्या प्रतींत उच्चाराच्या खुणा आणि चौकटी कंसांतली बारीक अक्षरे पुसट आलेली असतात, आणि ‘सकर्मक–अकर्मक’ची खूण नेमकी त्याच बारीक अक्षरांत असते. ती वाचता येत नसेल तर प्रत कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.